यादीतला कुत्रा आणि धनगराचा कुत्रा

हेडफोन नीट लावा, कारण आजच्या प्रश्नावर जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एकदा तरी भांडण झालेलं असतं. काही कुत्री जन्मतःच धोकादायक असतात का? पिटबुल म्हटलं की चावणारच, रॉटवायलर म्हटलं की अंगावर येणारच, असं खरंच असतं का? की माणूस घडवतो तसं कुत्रं घडतं?

आपल्याकडे याला उत्तर म्हणून एक म्हण तयारच आहे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. म्हणजे जन्माचा गुण जात नाही, विषय संपला. पण गंमत बघा, ज्या मुलखात ही म्हण चालते त्याच मुलखात देवघरातल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री उभी असतात. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, अक्कलकोट आपल्याच जिल्ह्यातलं. आपल्या बाळे गावच्या खंडोबालाही कुत्रं प्रिय. आणि पंढरपूरचे नामदेव? कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा काठी घेऊन धावायच्या ऐवजी ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय.

म्हणजे भीती जुनी आहे आणि मायाही जुनी आहे. आज आपण इतिहासाला एवढंच विचारणार आहोत: ‘धोकादायक कुत्रा’ ही पाटी कुणी लावली, कधी लावली आणि कशावरून लावली?

एक पत्र, तेवीस जाती

सुरुवात अगदी अलीकडून करू. १२ मार्च २०२४. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागानं सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. त्यात कुत्र्यांच्या २३ जातींची यादी होती. या जाती माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांना विक्रीचा आणि पैदाशीचा परवाना देऊ नका, आणि ज्यांच्या घरी ही कुत्री आधीच आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असा त्याचा मथितार्थ. नुसत्या शुद्ध जाती नाहीत, त्यांचे संकरसुद्धा यात आले.

हे पत्र हवेतून आलं नव्हतं. जुलै २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या वर्षी उत्तरेकडच्या शहरांतून अशा बातम्या येत राहिल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये गाझियाबाद महापालिकेनं पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला बंदी घातली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं सरकारला निर्णय घ्यायला सांगितलं, आणि मग ही यादी आली. लोकांची भीती खोटी नव्हती. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला ‘कुत्रं मुळात चांगलं असतं हो’ असं कुणी सांगू शकत नाही.

पण यादी वाचायला बसलात की कपाळावर आठ्या पडतात. वरच्या बाजूला ‘टोसा इनू’ आहे. खाली गेलं की ‘जपानी टोसा’. अहो, ही एकच जात! जपानीत ‘इनू’ म्हणजे कुत्रा, बस्स. आपल्या सोलापुरी भाषेत, ‘काय बे, एकाच कुत्र्याला दोनदा धरलंस!’ पुढे तर नुसतंच ‘टेरिअर्स’ आणि ‘मॅस्टिफ’ असं लिहिलंय. टेरिअर ही काही एक जात नाही, ते अख्खं खानदान आहे. मांडीवर बसणारा चिमुकला यॉर्कशायर टेरिअरही त्याच खानदानातला.

नान्नजचा माळ आणि तुर्कस्तानचा कुत्रा

या यादीत आणखी सात नावं आहेत, ज्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. कंगाल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड, सेंट्रल एशियन शेफर्ड, साऊथ रशियन शेफर्ड, तोर्न्याक आणि शारप्लानिनाच. ही कुत्री मूळची कशासाठी? मेंढ्या राखायला! कंगाल आणि अकबाश तुर्कस्तानातल्या मेंढपाळांचे. तोर्न्याक आणि शारप्लानिनाच बाल्कनच्या डोंगरातले. काम एकच: रात्री लांडगा आला तर कळप आणि लांडगा यांच्या मध्ये उभं राहायचं.

आता सोलापुरात या. शहरापासून थोडंसं बाहेर नान्नजचा माळ आहे, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य म्हणून प्रसिद्ध. पण या माळाचा दुसरा राजा आहे लांडगा. सतीश कुमार आणि असद रहमानी या अभ्यासकांनी सोलापूर जिल्ह्यातल्या लांडग्यांवर काम केलं आणि त्यावरचा त्यांचा निबंध १९९७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. इथला लांडगा शेतीच्या कडेला, माणसाच्या शेजारी राहतो. शेळ्या-मेंढ्यांवर त्याची नजर असते. मग धनगर काय करतो? तोही कुत्रं ठेवतो. तळावर रात्री मेंढ्या बसल्या की कुत्री बाहेरच्या अंगाला. अनोळखी माणूस अंधारात तळाकडे आला तर ती त्याला सोडणार नाहीत, आणि सोडू नये हीच तर धनगराची अपेक्षा!

म्हणजे बघा. तुर्कस्तानच्या धनगराचा कुत्रा आपल्या सरकारी कागदावर ‘जिवाला धोकादायक’, आणि सांगोला, मंगळवेढ्याकडच्या धनगराचा कुत्रा कुठल्याच यादीत नाही. दोघांचं काम एक, दोघांचा शत्रू एक. कंगाल अंगानं खूप मोठा, हा फरक खराच. पण स्वभावाचं म्हणाल तर फरक आहे तो कुत्र्याच्या जागेचा. कंगालला माळावरून उचलून चौथ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेत बांधलं, तर ज्याला तो राखण समजतो त्याला शेजारी हल्ला म्हणणार.

याच कुत्र्याची एक उलटी गोष्ट सांगतो. नामिबियात शेतकरी चित्त्यांना गोळ्या घालायचे, कारण चित्ते शेळ्या-मेंढ्या न्यायचे. १९९४ पासून तिथल्या चित्ता संवर्धन संस्थेनं शेतकऱ्यांना अनातोलियन शेफर्ड आणि कंगाल कुत्री द्यायला सुरुवात केली. कुत्रं कळपापाशी असलं की चित्ता लांबूनच निघून जातो. शेळ्या वाचल्या, चित्तेही वाचले. त्याच नामिबियातून १७ सप्टेंबर २०२२ ला आठ चित्ते आपल्या कुनोत आले. त्याचा आपण सोहळा केला, आणि दीड वर्षानं कंगाल आपल्या बंदीच्या यादीत गेला.

आपल्या भागाचा अभिमान असलेला करवानीही जरा डोळ्यासमोर आणा. लांब निमुळतं तोंड, बारीक कंबर, उंच पाय. कानाला-शेपटीला लांब केस असले तर पश्मी. पलीकडे कर्नाटकात याच कुळाला मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळवर तिकीट काढलं, ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचं नाव घेतलं. हा शिकारी कुत्रा आहे, पळणारी वस्तू दिसली की त्याचं अंग ताठतं. अनोळखी माणसानं हात लावलेला त्याला आवडत नाही. पण गावात त्याला कुणी राक्षस म्हणत नाही, कारण तो कसा आहे हे आजूबाजूच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

एका कुत्र्यामागे आठ आणे

आता जवळजवळ दोनशे वर्षं मागे जाऊ, मुंबईत. यादी करून कुत्रं संपवायची कल्पना काही २०२४ ची नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईत १८१३ पासून एक नियम होता. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवसांत मोकाट कुत्री मारायची. १८३२ मध्ये ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. कुत्रं मारणाऱ्या शिपायाला एका कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. आता तुम्हीच विचार करा, त्या काळचे आठ आणे! शिपाई काय करणार? रस्त्यावरचं चपळ कुत्रं हाती लागत नाही, मग दारातलं, ओसरीवरचं, ओळखीचं कुत्रं उचल. पाळलेलं कोणतं आणि मोकाट कोणतं, हे ठरवणाराही तोच आणि पैसे घेणाराही तोच.

६ जून १८३२ हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा विधी आहे. त्या दिवशी फोर्ट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारश्यांसोबत हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही उतरले. गोऱ्या पलटणीला जाणारा रसदपुरवठाही अडवला गेला. सरकारनं सैन्य बोलावलं, धरपकड झाली. इतिहासात याला ‘बॉम्बे डॉग रायट्स’ म्हणतात. नंतर तोडगा निघाला तो असा की कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायची. १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि व्यापारी मंडळींनी मुंबईत पांजरपोळ सुरू केली. भुलेश्वरजवळचा पांजरापोळ भाग आजही त्याच नावानं ओळखला जातो.

या गोष्टीतून एक धागा लक्षात ठेवा. कागदावर वर्ग पाडणं सोपं असतं, रस्त्यावर तो वर्ग ओळखणं अवघड. १८३२ मध्ये प्रश्न होता ‘मोकाट कोण?’ आज प्रश्न आहे ‘पिटबुल कोण?’ दोन्ही वेळा उत्तर देणारा माणूस कुत्र्याकडे नुसतं बघून ठरवतो.

भीतीच्या मुळाशी असलेला आजार

पण कंपनी सरकारही उगाच कुत्र्यांच्या मागे लागलं नव्हतं. खरी भीती होती पिसाळलेल्या कुत्र्याची. रेबीज! तेव्हा उपाय काहीच नव्हता. लुई पाश्चरनं माणसावर पहिली लस वापरली ती १८८५ मध्ये, पॅरिसला. भारतात कसौलीला १९०० मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ म्हटलं की ते अजून शहारतील. ती हीच लस. आपल्याकडे तिचं उत्पादन २००५ च्या सुमारास थांबलं आणि दंडात घ्यायच्या आधुनिक लसी आल्या.

मुद्दा असा की कुत्र्यामुळे होणाऱ्या मृत्यूंची भीती ज्यानं खरी कमी केली ती गोष्ट म्हणजे लस. माणसाला दिलेली आणि कुत्र्याला दिलेली. रेबीजचा विषाणू जात विचारत नाही. वंशावळीचा दाखला असलेला लॅब्रेडॉरही लस नसेल तर तितकाच धोकादायक.

ब्रीड ही चीज आली कुठून?

कुत्रा माणसासोबत किमान पंधरा हजार वर्षं आहे. पण आज आपण ज्याला ‘ब्रीड’ म्हणतो, ठरलेला रंग, ठरलेली उंची, सर्टिफिकेट, ही बहुतांशी व्हिक्टोरियन इंग्लंडची देणगी. पहिला डॉग शो १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरला आणि इंग्लंडचा केनेल क्लब १८७३ मध्ये निघाला.

पिटबुलचं कूळ याच इंग्लंडातलं. तिथे बैलाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचा खेळ चालायचा. १८३५ मध्ये कायद्यानं तो बंद झाला. मग लोकांनी कुत्र्याविरुद्ध कुत्रा लढवायला घेतला. त्यासाठी बुलडॉग आणि टेरिअर यांचा संकर केला: चपळ, चिवट, धरलं की न सोडणारा. म्हणजे झुंजीचा गुण तिथे माणसानं निवडून वाढवला, हे मान्यच करायला हवं.

पण भीती मात्र एका जातीवर टिकत नाही, ती काळाप्रमाणे घर बदलते. आपल्या मागच्या पिढीत ‘कुत्र्यापासून सावध’ पाटीमागे कोण असायचा? अल्सेशियन! म्हणजेच जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन नावाचाच राग, म्हणून कुत्र्याचं नाव बदललं आणि तेच आपल्याकडे रुजलं. ऑस्ट्रेलियानं तर १९२९ मध्ये या कुत्र्याच्या आयातीवर बंदी घातली, कारण तो रानटी डिंगोंशी संकर करून मेंढ्या फस्त करेल ही भीती. ती बंदी १९७० च्या दशकात उठली. आज तोच कुत्रा आपल्या पोलिसांच्या श्वानपथकात दिसतो. कुत्रा तोच, पाटी बदलली.

ब्रिटननं १९९१ मध्ये ‘डेंजरस डॉग्ज अॅक्ट’ केला आणि पिटबुल टेरिअर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आणली. तीस वर्षांनी काय झालं? ‘एक्सएल बुली’ नावाचा नवा दांडगा कुत्रा आला, हल्ले झाले, आणि २०२३ च्या अखेरीस तोही यादीत घालावा लागला. ज्यांना दांडगाई दाखवायची असते ते यादीबाहेरचा कुत्रा शोधतात. नेदरलँड्सनं १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चावण्याचे प्रकार कमी होईनात म्हणून २००८ मध्ये ती मागे घेतली.

मग ब्रीडला काहीच अर्थ नाही?

आहे. इथे श्वानप्रेमी मंडळींनीही जरा ऐकावं. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळातल्या २३८ प्राणघातक हल्ल्यांची तपासणी झाली. त्यात किमान २५ जातींची कुत्री होती, पण अर्ध्याहून जास्त मृत्यूंत पिटबुलच्या प्रकारातली किंवा रॉटवायलर कुत्री होती. पामेरियनही चावतो, पण त्याच्या चावण्यानं टाके पडतात. पन्नास किलोच्या कुत्र्याच्या चावण्यानं जीव जाऊ शकतो. शरीराची ताकद ही जातीनुसारच ठरते, ते नाकारून चालणार नाही. तरीही त्याच अभ्यासकांनी जातीवर कायदा करू नका असा सल्ला दिला. कारणं दोन: जात खात्रीनं ओळखता येत नाही, आणि प्राणघातक हल्ले हा एकूण चाव्यांचा अगदी छोटा भाग.

स्वभावाचं काय? एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले. निष्कर्ष: एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला फक्त ९ टक्के भाग जातीवरून कळतो. सांगितलेलं ऐकणं यात जातीचा हात थोडा जास्त दिसला, पण चटकन चिडण्याच्या बाबतीत जात जवळजवळ काहीच सांगत नाही.

दोन्ही एकत्र ठेवा. कुत्रं चावेल का, हे जातीवरून फारसं कळत नाही. चावलं तर किती नुकसान होईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या आकारावरून कळतं. म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी मोठी. कुत्र्याचा गुन्हा मात्र जन्मावरून ठरत नाही.

कोर्टात काय झालं?

२०२४ च्या त्या पत्राचं आयुष्य जेमतेम महिनाभराचं. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच निर्णय घेतला, हा मुख्य आक्षेप. दिल्लीतही सरकारला माघार घ्यावी लागली आणि नव्यानं लोकांच्या सूचना मागवल्या गेल्या.

पण त्या महिन्यात काय होऊ शकतं याचा विचार करा. ज्यानं हौसेनं, रिलमध्ये बघून रॉटवायलरचं पिल्लू घेतलं, त्याला अचानक कळलं की आपला कुत्रा ‘बेकायदा’ ठरतोय. सगळ्यात सोपा मार्ग कुठला? रात्री गाडीत घालायचा आणि हायवेला सोडून यायचं. म्हणजे घरात बांधलेला, खाऊन-पिऊन असलेला दांडगा कुत्रा आता उपाशी, घाबरलेला आणि रस्त्यावर. धोका कमी झाला की वाढला?

आणि मोठा प्रश्न तर यादीच्या बाहेरच राहतो. सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त नोंदी झाल्या. यातलं बहुतेक कुत्रं तुमच्या-माझ्या गल्लीतलं, बिनजातीचं. रात्रपाळी सुटल्यावर सायकलवरून घरी निघालेल्या कामगाराला, पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराला अडवणारं कुत्रं तोसाही नसतं आणि कंगालही नसतं. त्यासाठी नसबंदी आणि लसीकरणाचे २०२३ चे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२५ चे आदेश आहेत: पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडू नका, शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथून मोकाट कुत्री हलवा. बघा, इथेही कोर्टानं विचारलंय ते कुत्र्याचं वागणं आणि जागा. जात विचारलेली नाही.

मालकासाठीही कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. यात कुठल्याही जातीचं नाव नाही. प्रश्न विचारलाय तो दोरी धरणाऱ्याला.

जाता जाता, कामाचं

कुत्रं चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. मग सरळ सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे ठरलेले सगळे डोस पुरे करा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर वेगळं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते डॉक्टरांना विचाराच. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळजवळ कुणी वाचत नाही, म्हणून ‘बघू उद्या’ नको.

आणि पिल्लू घ्यायचं मनात असेल तर ‘कोणती ब्रीड भारी दिसते’ याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या कुत्र्याला ज्या कामासाठी माणसानं घडवलं, ते काम आणि ती जागा माझ्याकडे आहे का? नान्नजच्या माळावरच्या धनगराकडे या प्रश्नाचं उत्तर असतं. म्हणून त्याच्या कुत्र्याची यादी करायची वेळ कुणावर आली नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारू नका, आणि आपलं कुत्रं दोरीशिवाय सोडू नका!